बाईंचा तास : हत्तीरोगाची गोळी आणि परदेशाचं दार

मुलांनो,

गेल्या फेब्रुवारीत आमच्या शाळेत आशाताई आल्या होत्या. आमच्याकडे पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटण्याची मोहीम असते. गोळी नुसती हातात देऊन चालत नाही, आशाताईंच्या समोरच घ्यावी लागते. तीही उपाशीपोटी नाही. म्हणून खिचडी झाल्यावर रांग लागली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना डीईसीच्या दोन गोळ्या आणि चावून खायची एक जंतांची गोळी.

चौथीतल्या एका मुलीने गोळ्या तळहातावर घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "बाई, ही गोळी कोणी शोधली?"

मी म्हटलं, "अमेरिकेत शोधली."

तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आपली नाही."

"अगं, शोधणाऱ्यांचा मुख्य माणूस आपल्याच देशातला होता. काम मात्र त्याने अमेरिकेत केलं."

गोळी गिळून पाण्याचा घोट घेत ती म्हणाली, "मग त्या लोकांनी त्याला आत येऊ कसं दिलं?"

आता सांगा, अशा प्रश्नानंतर गणिताचा तास घेता येतो का? पाढे राहिले बाजूला. त्या दिवशी वर्गात जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते. थोडं जास्त सांगते, कारण मलाही नंतर बरंच वाचावं लागलं.

आधी गोळीबद्दल. हत्तीरोग दोऱ्यासारख्या बारीक कृमींमुळे होतो. डास रोग्याला चावतो, त्याच्या रक्तातली कृमींची पिल्लं घेतो आणि दुसऱ्याच्या अंगात सोडतो. वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. मग पाय सुजू लागतो, आणि सूज हाताबाहेर गेली की माणसाचं चालणं, काम, सगळंच अवघड होतं. डीईसी ही गोळी रक्तातली ती पिल्लं मारते. गावातल्या सगळ्यांनी ती घेतली तर डासाला न्यायला काही उरतच नाही. म्हणून आशाताई म्हणतात, "आजारी नसलात तरी घ्या." लहानशी गोळी, पण आख्ख्या गावाचं काम करते बरं का!

ती शोधणाऱ्या गटाचे प्रमुख होते डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५ सालचा, आंध्रातल्या भीमावरमचा. घरची गरिबी. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने आतड्याच्या रोगाने गेले. सुब्बाराव मद्रासला डॉक्टरकी शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. त्यांनी खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात जायला सुरुवात केली. साहेब प्राध्यापकांना ते आवडलं नाही आणि सुब्बारावांना पूर्ण पदवीऐवजी खालची पदवी मिळाली. पुढे अमेरिकेला जाण्यासाठी सासऱ्यांनी पैसे उभे केले, एका धर्मादाय संस्थेने मदत केली. पत्नी शेषगिरी यांना दिवस गेले होते. थोड्या वर्षांत परत येतो, असं सांगून ते बोटीत बसले.

ते परत आले नाहीत. मूल झालं, ते तान्हेपणीच गेलं. शेषगिरींनी वाट पाहिली, पण नवऱ्याची भेट पुन्हा कधीच झाली नाही. ही गोष्ट सांगताना माझा वर्ग अगदी गप्प झाला होता.

अमेरिकेत बॉस्टन शहरात हार्वर्ड विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे ते दिवसा शिकत आणि रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी साफ करण्यासारखी कामं करून पोट भरत. तिथेच त्यांनी सायरस फिस्क या शास्त्रज्ञाबरोबर रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. ती १९२५ साली छापून आली. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. मग काय काय झालं पाहा. रक्त तयार व्हायला लागणारं फॉलिक अॅसिड कारखान्यात बनवता येऊ लागलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४७ साली जे औषध वापरून पाहिलं, तेही याच प्रयोगशाळेतून आलं होतं. हत्तीरोगाची डीईसी १९४७ ची. त्याच विभागात बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ऑरिओमायसिन मिळवलं. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं ते पहिलं औषध.

घरी विचारून पाहा हं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेला प्लेग आला होता. तेव्हा लोक औषधाच्या दुकानात कोणती कॅप्सूल मागत होते? टेट्रासायक्लिन!

आता त्या मुलीचा प्रश्न. त्यांनी आत येऊ कसं दिलं?

तुम्ही एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जाता तेव्हा काय लागतं? जुन्या शाळेचा दाखला. त्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, सगळं असतं. पण दाखला हातात आला म्हणजे नव्या शाळेत प्रवेश मिळाला, असं होतं का? नाही. प्रवेश नव्या शाळेने द्यायचा असतो. परदेशी जाण्याचंही तसंच. पासपोर्ट म्हणजे आपल्या देशाने दिलेला दाखला. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेला प्रवेश. आणि प्रवेशही तऱ्हेतऱ्हेचे. कुणाला पाहुणा म्हणून, कुणाला शिकायला, कुणाला नोकरीपुरता, तर कुणाला कायमचं राहायला. अमेरिकेत कायमच्या परवान्याला ग्रीन कार्ड म्हणतात.

सुब्बारावांच्या काळात अमेरिकेचं दार आपल्यासाठी जवळजवळ बंद होतं. १९१७ साली तिथे कायदा झाला. नकाशावर आशियाभोवती रेघ मारावी तशी रेघ मारून सांगितलं, या भागातल्या लोकांनी राहायला यायचं नाही. फक्त विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर अशा काहींना सवलत होती. सुब्बाराव शिकायला आले, म्हणून आत येऊ शकले. पण नागरिक होण्याची सोय नव्हती. भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, म्हणून नाही. हा नियम १९४६ साली सैल झाला. तोही किती? भारतातून वर्षाला फक्त १०० माणसं!

सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये वारले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. अमेरिकेच्या रोग्यांसाठी, सैनिकांसाठी त्यांनी इतकं केलं, पण अमेरिकेचे नागरिक ते कधीच झाले नाहीत. ज्या देशाची औषधं ते बनवत होते, त्या देशाच्या कागदावर ते शेवटपर्यंत परकेच होते.

पुढे कायदा बदलला. १९६५ साली देशादेशांची ती जुनी वाटणी गेली. १९९० साली आणखी एक कायदा आला, आणि शिकलेल्या, कुशल माणसांसाठी आज जी दारं आहेत, ती त्यात ठरली.

पहिलं दार फार मोठं काम केलेल्यांचं. मोठी बक्षिसं, जगभर वाचलेले शोधनिबंध, इतरांच्या कामाचं परीक्षण करण्याचा मान, अशा दहा कसोट्या आहेत. त्यातल्या निदान तीन पुऱ्या कराव्या लागतात, आणि त्यानंतरही सगळं काम एकत्र तोलून पाहतात. नोबेलसारखं बक्षीस असेल तर ते एकटंच पुरतं.

दुसरं दार उच्च शिक्षण घेतलेल्यांचं. इथे एरवी नोकरी देणारा मालक लागतो. मालकाने जाहिरात देऊन दाखवून द्यायचं, की या कामासाठी आमच्याच देशातला योग्य माणूस मिळाला नाही. पण याच दारात एक खिडकी आहे. तिला म्हणू या राष्ट्रहिताची सूट. तुमचं काम साऱ्या देशाच्या भल्याचं असेल तर मालक नको, जाहिरात नको. तुमचा अर्ज तुम्हीच करा.

ही सूट द्यायची की नाही, हे ठरवायला २०१६ सालच्या एका निकालापासून तीन प्रश्न विचारतात. सोपे करून सांगते.

एक, तुम्ही जे करू पाहता ते खरंच मोलाचं आहे का, आणि त्याचा उपयोग दूरवर पोचेल का? समजा एक डॉक्टर आपल्या गावचे रोगी उत्तम तपासतो. काम थोरच. पण दुसरी शास्त्रज्ञ क्षयरोग लवकर ओळखण्याची अशी पद्धत शोधते, जी हजार इस्पितळांत वापरता येईल. या प्रश्नाला तिचं उत्तर जास्त वजनदार ठरतं.

दोन, हे काम तुमच्या हातून होईल कशावरून? इथे शिक्षण, आजवरचे प्रयोग, छापलेले निबंध, इतर शास्त्रज्ञांनी त्यांचा केलेला उपयोग आणि जाणकारांची पत्रं दाखवावी लागतात. थोडक्यात, वही दाखवा! नुसतं "मी करीन हो" म्हणून भागत नाही.

तीन, सगळं तोलून पाहिलं तर नेहमीचा नियम बाजूला ठेवण्यात देशाचा फायदा आहे का?

रोगांवर, लसींवर, साथी रोखण्यावर काम करणारे बरेच शास्त्रज्ञ या खिडकीशी येतात. लोकांचं आरोग्य हे देशाच्या भल्याचं काम आहे, हे समजावून सांगणं त्यांना तसं सोपं जातं. पण ते आपल्याच हातून होईल, हे पुराव्यानेच दाखवावं लागतं.

खिडकी उघडली म्हणजे झालं का? नाही हो. पुढे रांग आहे. नोकरी-कामाच्या वाटेने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात. त्यात अर्जदारांची बायकामुलंही मोजली जातात. आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारत मोठा, अर्ज पुष्कळ. म्हणून भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचं काम मंजूर झालं तरी त्याला कित्येक वर्षं थांबावं लागतं. तेवढ्यात त्याची मुलं मोठी होतात. आईवडिलांच्या अर्जात मुलांचं नाव २१ वर्षं पुरी होईपर्यंतच राहतं. वयाच्या हिशोबात थोडी सवलत आहे, पण ती सगळ्यांना पुरत नाही. तुमच्याएवढी मुलं तिथल्या शाळेत शिकतात, तिथेच सवंगडी जोडतात, आणि एके दिवशी त्यांना स्वतःसाठी वेगळं दार शोधावं लागतं.

आणखी एक वाट आहे, देवाणघेवाणीच्या व्हिसाची. संशोधक काही वर्षांसाठी येतो, शिकतो, शिकवतो. यातल्या काहींना नियम असतो, की काम संपल्यावर दोन वर्षं आपल्या देशात राहा, मगच ग्रीन कार्ड मागा. हेतू हा, की शिकलेलं मायदेशी पोचावं.

हे सगळं सांगून झालं, आणि मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "बाई, सुब्बारावांना आजची खिडकी उघडली असती का?"

मी हो म्हणणारच होते. मग थांबले. तुम्हीही थांबा. कोणते सुब्बाराव? १९४७ सालचे असते, तर मोठं दारसुद्धा उघडलं असतं. पण बोटीतून उतरलेले सुब्बाराव? हातात खालची पदवी, एकही गाजलेला निबंध नाही, खिशात मोजके पैसे. दुसऱ्या प्रश्नालाच अडकले असते. त्यांना आत घेतलं ते विद्यार्थ्याच्या छोट्या दाराने.

याच गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. मोठं दार झालेलं काम पाहतं. पण काम व्हायला आधी आत यावं लागतं. छोटं दार बंद असतं, तर मोठ्या दाराशी दाखवायला काही उरलंच नसतं. आणि आपल्या आशाताईंच्या पिशवीत कदाचित ही गोळीही नसती.

अलीकडचं उदाहरण देते. कातालिन कारिको हंगेरी देशातल्या. त्यांच्या प्रयोगशाळेचा पैसा संपला. १९८५ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात संशोधकाची जागा मिळाली. गाडी विकली. पण हंगेरीतून फार थोडे पैसे बाहेर नेता येत. म्हणून ९०० पौंड दोन वर्षांच्या लेकीच्या टेडी अस्वलात शिवून नेले! पुढे त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळू लागली, तेव्हा वरिष्ठांनी देशाबाहेर काढण्याची धमकी दिली, असं त्यांनीच सांगितलं आहे. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असला की नोकरीबरोबर घरही डळमळतं. नंतर दुसऱ्या विद्यापीठात त्यांना खालच्या जागेवर आणलं गेलं. काम त्यांनी सोडलं नाही. ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर २००५ साली त्यांनी जो शोध छापला, त्याच्यावर फायझर आणि मॉडर्ना कंपन्यांच्या कोविडच्या लसी उभ्या राहिल्या. २०२३ साली दोघांना नोबेल मिळालं. पण १९८५ साली विमानातून उतरणाऱ्या त्या बाईकडे पाहून हे कोण सांगू शकलं असतं?

तुम्ही म्हणाल, बाई, शास्त्रज्ञ नेहमी आपल्याकडून तिकडेच जातात का? मुळीच नाही. मुंबईला परळला हाफकिन संस्था आहे ना, ती कुणाच्या नावाची? वाल्डेमार हाफकिन रशियाच्या साम्राज्यात, ओडेसाला जन्मले. ते ज्यू. त्यामुळे तिथल्या विद्यापीठात पुढची वाट मिळेना. ते स्वित्झर्लंडला गेले, मग पॅरिसला. तिथे पटकीची लस बनवली आणि १८९२ साली आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. एका देशाने दार लावलं, त्याचा लाभ आपल्या मुंबईला झाला. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

मग आपली माणसं गेली ते बरं की वाईट? माझ्या वर्गात यावर भांडण झालं. एक म्हणाला, सुब्बाराव इथे राहिले असते तर आपल्याच देशात कारखाना निघाला असता. दुसरी म्हणाली, ज्यांनी खादी घातली म्हणून पदवी कापली, त्यांनी प्रयोगशाळा दिली असती का? मला दोन्ही पटलं. माणसाला जायला लागू नये असं काम आपल्याकडे असावं, हे खरं. आणि गेलेल्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये, हेही खरं. कारण गोळी पासपोर्ट विचारत नाही. ती बॉस्टनच्या रोग्यालाही चालते आणि गडचिरोलीच्याही.

पालकांसाठी दोन शब्द. घरातलं कुणी शिकायला किंवा संशोधनाला परदेशी जाणार असेल, तर "शंभर टक्के व्हिसा करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहा. व्हिसा फक्त त्या देशाचं सरकार देतं, हमी कुणालाच देता येत नाही. खोटा दाखला, फुगवलेला अनुभव कधीही जोडू नका, एकदा पकडलं गेलं की पुढची दारंही बंद होतात. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवू नका. आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्या देशाच्या सरकारी माहितीवरूनच खात्री करून घ्या.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक खेळ. चार-पाच जण जमा. एकाने अधिकारी व्हायचं, बाकीच्यांनी अर्जदार. प्रत्येकाने एक काम सांगायचं, जे त्याला मोठेपणी सगळ्यांसाठी करायचं आहे. अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे. काम मोलाचं आहे का? तुझ्या हातून होईल कशावरून? तुझ्यासाठी नियम बाजूला का ठेवू? दुसऱ्या प्रश्नाला तुमची आत्ता फजिती होईल. होऊ द्या. तुमची वही अजून कोरी आहे, म्हणून कुणी हसायचं नाही. बोटीतून उतरणाऱ्या सुब्बारावांचीही कोरीच होती.

जाता जाता एक. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा ती चौथीतली मुलगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, माझी आजी गोळी घेत नाही. कडू म्हणते. आज तिला शेषगिरीची गोष्ट सांगते, मग घेईल."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. आजीने गोळी घेतली होती.

तुमची,
बाई